नाकांची मापे आणि वादाची रीत

मुंबई इलाख्यातल्या देशस्थ ब्राह्मणाची शरीरमापे चित्पावन ब्राह्मणाच्या मापांपेक्षा सोनकोळ्याच्या मापांशी अधिक जुळतात. सोनकोळ्याच्या खालोखाल त्याला जवळचे महार आणि कुणबी. शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठे त्यांच्याही नंतर. आज कुणी भर बाजारपेठेत हे विधान केले, तर पाच-सहा समाजांच्या भावना एकाच वेळी दुखावतील आणि संध्याकाळपर्यंत निषेधाची पत्रके निघतील. हे विधान १९३२ साली लंडनमध्ये छापलेल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या पुस्तकात आहे. ते लिहिणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ साली मालवणात, एका सारस्वत म्हणजे शेणवी घरात जन्मले. स्वतःच्या समाजाला त्यांनी यादीत महार-कुणब्यांच्या मागे ठेवले आणि त्याबद्दल ना शौर्याचा आव आणला, ना दिलगिरी दाखवली. आकडे तसे होते, म्हणून तसे लिहिले.

वंश आणि जात या विषयांवर आदराने कसे बोलावे, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा शिष्टाचाराच्या यादीसारखे मिळते. अमुक शब्द वापरू नका, आवाज चढवू नका, दोन्ही बाजू मान्य करा. मला हे उत्तर अपुरे वाटते. वंशावर आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षे मोठा वाद झाला आहे, त्यातले काही महत्त्वाचे लोक आपल्याच कोकणपट्टीचे आहेत, आणि त्यांची भाषा नेहमी गोड होती असे मुळीच नाही. तरी त्या वादात एक रीत होती. ती कोणती, हे त्यांच्या वादांतूनच पाहावे लागते.

आधी समोरचा पक्ष. हर्बर्ट रिस्ली हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर, असा निर्देशांक त्यांनी हाती धरला. सत्तरच्या खाली आला तर नाक धारदार, पंच्याऐंशीच्या वर गेला तर बसके. मग त्यांनी सिद्धान्त मांडला की हिंदुस्थानात जातीची सामाजिक प्रतिष्ठा नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते : नाक जितके रुंद, तितकी जात खालची. जात म्हणजे गोठून राहिलेला वंशभेद, आर्य वर आणि इतर खाली, असा त्याचा अर्थ. त्याच जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा घाट घातला गेला आणि देशभरातून अर्जांचा पाऊस पडला. आम्ही क्षत्रिय आहोत, आम्ही वैश्य आहोत, आमची नोंद सुधारा. मोजपट्टी साहेबाची होती, पण तिच्यावर वरची जागा मिळावी म्हणून धडपड आपली होती, हे विसरता कामा नये.

घुर्यांनी रिस्लींना साम्राज्यवादी म्हणून मोडीत काढले असते, तर ते राष्ट्रीय काळाला साजेसे दिसले असते. त्यांनी वेगळे केले. केंब्रिजमध्ये ते आधी रिव्हर्स आणि रिव्हर्स १९२२ साली वारल्यावर हॅडन यांच्या हाताखाली शिकले होते. मापे कशी घेतात आणि कशी ताडून पाहतात हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी रिस्लींचीच पद्धत घेतली, उपलब्ध आकडे प्रांतवार लावले आणि दाखवले की हा सिद्धान्त फार तर संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) आसपास उभा राहतो. मुंबई इलाख्यात सामाजिक उतरंड आणि शरीराची ठेवण यांचा मेळच बसत नाही. संयुक्त प्रांताचा ब्राह्मणसुद्धा तिथल्या वरच्या क्षत्रियांचा अपवाद सोडला, तर आपल्या शेजारच्या जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याला आणि खत्र्याला शरीराने जवळचा. चुहडा म्हणजे तिथली अस्पृश्य जात.

आता या आकड्यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९४८ साली डॉ. आंबेडकरांचे ‘द अनटचेबल्स’ प्रसिद्ध झाले. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे का, या प्रकरणात त्यांनी घुर्यांचे हेच निष्कर्ष सविस्तर उद्धृत केले आणि त्यांतून घुर्यांनी न काढलेला निष्कर्ष काढला. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आहेत. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग. वंशाचा सिद्धान्त खोट्या पायावर उभा आहे. घुर्ये आणि आंबेडकर यांची मते कितीतरी बाबतींत जुळणारी नव्हती. राखीव जागांसारख्या उपायांकडे घुर्ये संशयाने पाहत, जातीची वेगळी गणती त्यांना घातक वाटे. पण मालवणच्या सारस्वताने मांडलेले कोष्टक आंबडव्याच्या महार कुटुंबातल्या माणसाला जसेच्या तसे उचलता आले आणि त्याच्या जोरावर लेखकाच्या पुढे जाता आले.

ज्याला आदर म्हणतात, तो मला इथे दिसतो. आपले म्हणणे अशा रूपात मांडायचे की विरोधकाला ते तपासता यावे, वापरता यावे आणि वेळ आली तर त्यानेच आपल्याला हरवावे. रिस्लींनी आकडे छापले म्हणून घुर्यांना त्यांना खोडता आले, घुर्यांनी छापले म्हणून आंबेडकरांना. ‘आमच्या रक्तातच आहे’ किंवा ‘तुम्हाला हे कळणार नाही’ अशा वाक्यांत ही सोय नसते. ती कितीही नम्रपणे उच्चारली तरी त्यांत समोरच्याला आत यायला दार ठेवलेले नसते.

घुर्यांच्या आधीही मालवणच्या घरातून या वादात एक मोठी भर पडली होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. त्यांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९११ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त हिंदू समाजातल्या परकीय घटकांवर दीर्घ निबंध लिहिला. यवन, शक, हूण, गुर्जर असे कितीतरी लोक बाहेरून येऊन इथल्या जातींत मुरले आहेत, हे त्यांनी शिलालेखांच्या आणि नाण्यांच्या आधारे मांडले. आंबेडकरांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावरचे भाषण लिहिले तेव्हा रक्ताच्या शुद्धतेसाठी जात हवी म्हणणाऱ्यांना गप्प करायला याच निबंधाचा हवाला दिला.

हे भाषण लाहोरच्या जातपात तोडक मंडळासमोर व्हायचे होते. मजकूर वाचून मंडळाला तो झेपेना. काही भाग गाळा म्हणाले. आंबेडकर म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. सभा रद्द झाली आणि त्यांनी पदरच्या खर्चाने भाषण छापले. जहाल म्हणावे असेच ते लिखाण आहे. पण पुढची गोष्ट लक्षात घ्या. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका स्वतःच्या पुस्तकात पूर्ण छापली आणि तिच्यामागे आपले उत्तर जोडले. उत्तरात सूट अजिबात नाही. ते पुस्तक हाती घेणाऱ्याला मात्र गांधींचे म्हणणे गांधींच्याच शब्दांत वाचायला मिळते. सुधारकांच्या मंडळाची भाषा सभ्य होती आणि वागणे मुस्कटदाबीचे. आंबेडकरांची भाषा बोचरी होती आणि व्यवहार चोख. या दोहोंतले आदराचे कोणते, हे मालवणी माणसाला तरी समजावून सांगायची गरज नसावी. ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाच्या मुलखात शिवीच्या वजनावर माणसाची नियत कुणी जोखत नाही. (गोड बोलून जमिनीचा सातबारा फिरवणारे मात्र इथे पुष्कळांनी पाहिले आहेत.)

स्वतःच्या माणसांशी वाद घालणे याहून अवघड. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. अमेरिकेतला काळ्यांचा प्रश्न आणि इथला शूद्रातिशूद्रांचा प्रश्न यांना त्यांनी एका दोरीत ओवले. त्यांच्या इतिहासाचा कणा असा की आर्य भट इराणातून आले, त्यांनी इथल्या मूळ लोकांना जिंकले आणि गुलाम केले. १९४६ साली आंबेडकरांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ लिहिले. आर्य नावाचा वंश बाहेरून चालून आला आणि त्याने दास-दस्यूंना जिंकून शूद्र केले, ही कल्पना त्यांनी त्या पुस्तकात पानामागून पान खोडून काढली आहे. आणि पुस्तक अर्पण केले आहे महात्मा फुल्यांना. फुल्यांचे ऋण मोठे होते, म्हणून त्यांची उपपत्ती आंबेडकरांनी सांभाळून घेतली नाही; आणि उपपत्ती पटली नाही, म्हणून ऋणही नाकारले नाही. आज फुल्यांच्या किंवा आंबेडकरांच्या एका वाक्याशी असहमती दाखवली की माणूस शत्रुपक्षात ढकलला जातो. ती अर्पणपत्रिका मग कशी वाचायची, याचे उत्तर ढकलणाऱ्यांनी द्यावे.

त्याच पुस्तकात लोकमान्यांचा समाचार आहे. आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होते, असे टिळकांनी १९०३ साली वेदांतल्या दीर्घ उषांच्या वर्णनांवरून आणि ज्योतिषाच्या आधाराने मांडले होते. आंबेडकर त्यांच्या जातीवर गेले नाहीत, हेतूवर गेले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला : वैदिक आर्यांच्या आयुष्यात घोड्याला एवढे महत्त्व आहे, तर ध्रुवप्रदेशात घोडे होते का? संपले. मला स्वतःला मराठी वादविवादाच्या इतिहासातला हा फार देखणा घाव वाटतो.

वादाच्या रीतीत वयाचा आणि गुरुत्वाचा मानही येतो आणि तो अनेकदा अडथळा ठरतो. इरावती कर्वे घुर्यांच्या विद्यार्थिनी. १९२८ साली त्यांनी चित्पावनांवर प्रबंध लिहून पदवी घेतली आणि त्या बर्लिनला गेल्या. तिथे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. जर्मन आफ्रिकेतल्या मिश्र रक्ताच्या लोकांवर संशोधन करून नाव कमावलेला हा माणूस. त्याच्या विचारांचा आधार पुढे नाझींनी घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या भागांतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हा इरावतीबाईंना दिलेला विषय. गोऱ्यांची कवटी वेगळी निघावी, अशी त्या विषयामागची अपेक्षा. त्यांनी मापे घेतली आणि वंशावरून असा फरक दिसत नाही, असे लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, विशी-पंचविशीतल्या विद्यार्थिनीने. परत आल्यावर, डेक्कन कॉलेजात काम करताना, त्यांनी गुरूंशीही मतभेद केला. घुर्ये म्हणत की जातिव्यवस्था हे गंगेच्या खोऱ्यातल्या ब्राह्मणी संस्कृतीचे अपत्य, तिथून ते देशभर पसरले. इरावतीबाईंना महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या पोटजातीही मुळात एका कुळीच्या दिसेनात. आपापसांत सोयरीक करणारे वेगवेगळे समूह आधीपासून होते, ते एकमेकांशेजारी मांडले गेले, असे त्यांनी मांडले. त्यासाठी त्या गावोगाव हिंडून माणसे मोजत राहिल्या.

माणसे मोजत राहिल्या, हे लिहिताना मी अडखळतो. इथवर ज्या रीतीचे कौतुक केले, तिच्यातली मोठी उणीव त्या तीन शब्दांत आहे. कंपास कुणाच्या हातात आणि नाक कुणाचे? बर्लिनच्या संस्थेतल्या कवट्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्या होत्या. त्या माणसांच्या वतीने न्याय्य निष्कर्ष निघाला हे खरे, पण त्यांना कुणी विचारले नव्हते. मालवणच्या घुर्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक स्पष्ट दिसते. १९४३ साली त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे आदिवासींवरचे पुस्तक काढले. समोर होते व्हेरिअर एल्विन. बैगांसारख्या जमातींना राखीव प्रदेशात बाहेरच्या शोषणापासून जपावे, असे म्हणणारे. घुर्ये म्हणाले, हे ‘तथाकथित’ आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू आहेत. वेगळे ठेवण्यात त्यांचे अहित आहे. दोघांकडे भरपूर आधार होते, दोघांचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. पण एकाने ज्याला जपायचे ठरवले आणि दुसऱ्याने ज्याला सामावून घ्यायचे ठरवले, तो बैगा त्या वादात फक्त विषय म्हणून हजर आहे.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १९४६ मध्ये, संविधान सभेत जयपालसिंग मुंडा उभे राहिले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार, ऑक्सफर्डचे पदवीधर. त्यांनी स्वतःला जंगली म्हणवून घेतले आणि सभेला सांगितले की लोकशाही आदिवासींना शिकवू नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिका. एल्विन-घुर्ये वादातला प्रश्नच त्यांनी बदलून टाकला. आदिवासींचे काय करावे, हा प्रश्न त्यांनी ऐकूनच घेतला नाही; आम्हाला काय हवे, हे ते बोलले. घुर्यांचा ‘मागास हिंदू’ हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो चुकण्याचे एक कारण ही गैरहजेरी आहे, असे माझे मत आहे.

खरा निष्कर्षही एखाद्याला गैरहजर ठेवण्यासाठी वापरता येतो. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादाविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांनी जातीय भेदभावाचा प्रश्न तिथे नेला. भारत सरकारने म्हटले, जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून हा विषय इथला नाही. आंद्रे बेतेय यांच्यासारख्या नामवंत समाजशास्त्रज्ञांनीही जातीला वंश मानणे अशास्त्रीय ठरवले. शास्त्र म्हणून ते बरोबर. आंबेडकरांनी तेच सिद्ध केले होते. फरक एवढाच की आंबेडकरांनी वंशाचा खोटा आधार काढून घेतला तो अस्पृश्यतेला कुठलेच समर्थन उरू नये म्हणून, आणि डर्बनमध्ये त्याच सत्याचा उपयोग तक्रार करणाऱ्याला दारातून परत पाठवायला झाला. दलित प्रतिनिधी आम्ही निराळ्या वंशाचे आहोत असे म्हणतच नव्हते. जन्मावरून होणारा छळ हा काळ्यांच्या छळाचा सख्खा भाऊ आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. आणि १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात जन्मपरंपरेवरून होणारा भेदभाव स्पष्ट नोंदलेला आहे.

डीएनएच्या काळात आर्यांचा वाद अधिक शास्त्रीय होईल असे वाटले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढीच्या एका सिंधुकालीन स्त्रीच्या सांगाड्यावरचा वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि त्याच सुमारास दक्षिण व मध्य आशियातल्या प्राचीन डीएनएवरचा दुसरा मोठा निबंधही आला. बरेच लेखक दोन्हींत समान. पहिल्यात त्या स्त्रीमध्ये युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, दुसऱ्यात तो अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्याचे म्हटले आहे. दोन्ही एकत्र वाचले तर चित्र स्पष्ट आहे. आपल्याकडे एका बाजूने पहिला वाचला, दुसऱ्या बाजूने दुसरा, आणि दोन्हीकडे फटाके वाजले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. कोकणात बाहेरून येणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, फक्त ते पुरेसे जुने असावे लागते. सारस्वत सरस्वतीकाठून आले, चित्पावनांना परशुरामाने घडवले, कुणाचे मूळ राजस्थानात, कुणाचे शिवाजी महाराजांच्या आरमारात. प्रत्येक समाजाकडे आगमनाची एक गोष्ट आहे आणि ती सांगताना आवाजात अभिमान असतो. मात्र गेल्या काही दशकांत आलेला माणूस परका. देवगड-मालवणच्या कलमांच्या बागांत राखण करणारे नेपाळी, बांधकामावरचे बिहारी, ट्रॉलरवरचे नेपाळी आणि झारखंडी खलाशी. ‘ह्या नेपाळ्यांका आपली भासा येयना, पण रात्री बागेत रवाक तेच व्हये,’ हे वाक्य चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. त्यात तक्रार आहे आणि कबुलीही आहे. चेहऱ्यावरून केलेली थट्टा तर इतकी सवयीची की ती वंशभेद आहे असे म्हटले तर लोक हसतील.

या परकेपणाचा सगळ्यांत मोठा वाद समुद्रावर आहे, आणि त्यात मी एका बाजूचा आहे. मालवणच्या रापणकरांची (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची), गिलनेटवाल्यांची पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्धची आणि हायस्पीड ट्रॉलरविरुद्धची तक्रार मला पूर्ण न्याय्य वाटते. तिचे मुद्दे मोजता येण्यासारखे आहेत : इंजिनाची ताकद किती, जाळ्याचा आस किती मिलिमीटरचा, बोट किनाऱ्यापासून किती वावात होती, एलईडी दिवे लावले होते की नाही, राज्याच्या बारा सागरी मैलांत कुणाचा परवाना होता. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ पासून आहे. तो या मोजमापांवरच चालतो. पण बैठकीत आवाज चढला की गाडी ‘परप्रांतीय’ या शब्दावर येते, आणि मग कर्नाटकातल्या मलपीची बोट आणि बोटीवरचा खलाशी एकाच मापाने मोजले जातात. इथल्या माणसाच्या मालकीची पर्ससीन मात्र त्या गोंगाटात बंदरात सुखाने लागते. मोजता येणारी तक्रार सोडून चेहऱ्याची तक्रार धरली की फायदा कुणाचा होतो, हे लिलावाच्या वेळी जेटीवर उभे राहून कुणालाही दिसेल.

आणि त्या खलाशाला कुणी बैठकीला बोलावत नाही. तो महिनोन्महिने बोटीवर राहतो, जाळे त्याच्या हातांनी सुटते आणि ओढले जाते, बंदीच्या काळात बोट कधी बाहेर पडली आणि दिवे कुठे लावले हे त्याला तोंडपाठ असते, त्याचा वाटा आणि मजुरी मालकाच्या मर्जीवर असते. म्हणजे रापणकरांच्या बाजूने समुद्रावरचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच आहे, आणि रापणकरांची बैठक सुरू होते ती त्यालाच शिव्या घालून.